इम्प्लोड, जॉइन आणि मधला स्वल्पविराम

कुठल्याही संकेतस्थळाचा कोड उघडा, एक काम त्यात हमखास सापडते: हातात एक यादी आहे आणि तिची एक ओळ करायची आहे. पुस्तकाच्या पानावर लेखकांची नावे, बातमीखालचे टॅग, पावतीवरच्या वस्तू, डेटाबेसकडे पाठवायच्या क्वेरीतले ग्राहक क्रमांक. प्रोग्रामरच्या बोलीत यादी म्हणजे ॲरे आणि ओळ म्हणजे स्ट्रिंग. पीएचपीत हे काम इम्प्लोड करते, जावास्क्रिप्टमध्ये जॉइन. दोन्ही शिकायला पाच मिनिटे पुरतात आणि बहुतेक अभ्यासक्रम तेवढीच देतात. पण जोडून झालेली ओळ पुढे कोण वाचणार आहे, हे तिथे क्वचितच विचारले जाते. ब्राउझर वाचणार, डेटाबेस वाचणार, लिनक्सचा शेल वाचणार, एक्सेल वाचणार की माणूस? ॲरे जोडताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या गंभीर चुका या वाचणाऱ्याचा विचार न केल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे. मराठीतून संकेतस्थळे बनवणाऱ्यांना तर त्याची झळ दुप्पट बसते.

आधी थोडा इतिहास. रॅस्मस लर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि जून १९९५ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्यातून पीएचपी वाढली. त्या काळात वेबची बरीच कामे पर्लमध्ये चालत, आणि १९८७ पासूनच्या त्या भाषेत यादी जोडणाऱ्या फंक्शनचे नाव जॉइन होते. पीएचपीने इम्प्लोड हे नाव घेतले, उलट काम करणाऱ्या फंक्शनला एक्स्प्लोड म्हटले, आणि जॉइन हे टोपणनावही चालू ठेवले. ते आजही चालते.

या फंक्शनला दोन गोष्टी द्याव्या लागतात, मध्ये घालायचा सेपरेटर आणि जोडायचा ॲरे. आधी काय आणि नंतर काय, याबाबत पीएचपीने कित्येक वर्षे मोकळीक दिली होती. सेपरेटर आधी द्या किंवा ॲरे आधी द्या, उत्तर तेच येई. एक्स्प्लोडमध्ये मात्र सेपरेटर आधीच द्यावा लागे. या मोकळिकीमुळे एकाच प्रकल्पात दोन माणसे दोन पद्धतींनी लिहीत, आणि नवख्याला कोणती बरोबर हे कळत नसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ७.४ आवृत्तीने उलटा क्रम कालबाह्य ठरवला आणि पुढच्या वर्षी ८.० ने तो बंदच केला. आता उलट क्रम दिला की प्रोग्राम थेट त्रुटी देऊन थांबतो. जुनी संकेतस्थळे ८ वर नेताना पांढरे पान दिसण्यामागे जी कारणे असतात, त्यांत हे एक आहे. तरीही हा निर्णय योग्यच होता. दोन्ही क्रम चालतात म्हणजे वापरणाऱ्याची सोय होते असे वाटते खरे, पण दुसऱ्याचा कोड वाचणाऱ्याला त्याचा त्रासच होतो.

जावास्क्रिप्टमध्ये हा वाद उद्भवलाच नाही, कारण जॉइन ही ॲरेचीच मेथड आहे: ॲरेला सांगायचे, या सेपरेटरने स्वतःला जोड. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत त्या भाषेचा पहिला नमुना उभा केला. जॉइन १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर ३ बरोबर आले आणि १९९७ च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट प्रमाणात नोंदले गेले. सेपरेटर दिला नाही तर जावास्क्रिप्ट स्वल्पविराम घालते, पीएचपी काहीच घालत नाही. दिवसभर दोन्ही भाषांत काम करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो बहुतेक इथेच.

वेगाविषयीची चर्चा मी थोडक्यात आटोपतो, कारण तिचे दिवस सरले आहेत. पीएचपीचे इम्प्लोड आतून अगदी विचारपूर्वक लिहिलेले आहे. पहिल्या फेरीत ते सगळ्या घटकांची लांबी मोजते, त्यात सेपरेटरांची लांबी मिळवते आणि लागेल तेवढी जागा एकदाच घेते. दुसऱ्या फेरीत शेवटाकडून सुरुवातीकडे येत सगळे जागच्या जागी ठेवते. ॲरेत एकच घटक असेल तर हा खटाटोप न करता तोच परत देते. जावास्क्रिप्टमध्ये एके काळी इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणि ७ मध्ये लूपमधून तुकडे जोडत गेले की पान रखडायचे, म्हणून आधी सगळे ॲरेत भरायचे आणि शेवटी जॉइन करायचे, हा सल्ला घरोघरी पोचला. आजची इंजिने तुकडे लगेच एकत्र न करता त्यांच्या जोडण्या लक्षात ठेवतात आणि गरज पडेल तेव्हाच सलग स्ट्रिंग बनवतात. त्यामुळे आता हा निर्णय कोड वाचायला कसा सोपा होईल यावर घ्यावा. आणि त्या निकषावर जॉइन किंवा इम्प्लोड लूपपेक्षा सरस ठरते, कारण शेवटच्या घटकानंतर नको असलेला सेपरेटर तिथे उरतच नाही.

खरी गुंतागुंत घटकांच्या प्रकारांपासून सुरू होते. ॲरेत फक्त शब्द असतील तर काही प्रश्न नाही. पण वेबवरच्या ॲरेत आकडे असतात, होय-नाही असते, रिकाम्या जागा असतात, ॲरेच्या पोटात ॲरे असतात. पीएचपीत होय या व्हॅल्यूचा १ होतो, नाही आणि नल यांचे काहीच उरत नाही. मध्ये फक्त दोन सेपरेटर एकमेकांना चिकटलेले दिसतात. जावास्क्रिप्ट होय-नाहीची इंग्रजी नावे छापते आणि नल व अनडिफाइन्ड गाळते. पोटातला ॲरे पीएचपी उलगडत नाही. त्याच्या जागी ‘ॲरे’ हा शब्दच इंग्रजीत छापते आणि आठव्या आवृत्तीपासून वॉर्निंग देते. दुकानांच्या संकेतस्थळांवर वस्तूच्या रंगाच्या जागी हा शब्द लटकलेला दिसतो, त्यामागे हेच घडलेले असते. जावास्क्रिप्ट उलट पोटातला ॲरे स्वतःहून जोडते, पण स्वल्पविरामाने. बाहेर तुम्ही अर्धविराम दिला असला तरी आत स्वल्पविरामच येतो, आणि कोणतीही तक्रार न होता दोन सेपरेटरांची एक खिचडी ओळ तयार होते.

जावास्क्रिप्टमध्ये न मागताही ॲरेची स्ट्रिंग होते, ही त्या भाषेची जुनी खोड. दोन ॲरेंमध्ये अधिक चिन्ह ठेवा: एकात १ आणि २, दुसऱ्यात ३ आणि ४. उत्तर मिळते ‘१,२३,४’. अधिक चिन्हापुढे ॲरे आला की तो आधी स्वल्पविरामाने जोडला जातो आणि मग दोन स्ट्रिंगा एकापुढे एक ठेवल्या जातात. २०१५ च्या आवृत्तीत टेम्प्लेट लिटरल आले, म्हणजे स्ट्रिंगमध्येच कंस करून व्हेरिएबल घालायची सोय. तेव्हापासून ही खोड नव्या रूपात दिसू लागली. यादीतल्या प्रत्येक नावाभोवती एचटीएमएलचा टॅग घालायचा, तयार झालेला ॲरे तसाच टेम्प्लेटमध्ये ठेवायचा आणि जॉइन लिहायला विसरायचे. पानावर यादी नीट दिसते, फक्त प्रत्येक दोन ओळींमध्ये कुठूनसा एक एकटा स्वल्पविराम येऊन बसलेला असतो. हा स्वल्पविराम दिसला की सीएसएस शोधण्यात वेळ घालवू नका. रिकामा सेपरेटर देऊन जॉइन लिहा.

पीएचपीची आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. तिच्या ॲरेला क्रम असतो तो घटक भरले गेले त्याप्रमाणे, की म्हणजे घटकाला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे किंवा नावाप्रमाणे नाही. आधी १ या कीवर ‘पुणे’ भरले आणि नंतर ० वर ‘नाशिक’, तर इम्प्लोड पुणे आधी लिहील. की तर ते पाहतही नाही. इम्प्लोडनंतर फक्त व्हॅल्यू उरतात. की हव्या असतील तर त्या आधीच घटकांत मिसळाव्या लागतात.

दशांश आकड्यांनी दिलेला त्रास याहून सूक्ष्म होता. आठव्या आवृत्तीआधी पीएचपी अपूर्णांकाची स्ट्रिंग करताना लोकेलकडे, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगकडे, पाहायची. जर्मन लोकेल लावलेले असले की ३.१४ चे ‘३,१४’ होई, कारण जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. असे दोन अपूर्णांक स्वल्पविरामाने जोडले की चार आकड्यांची यादी तयार होई आणि मूळचे दोन कोणते हे शोधायचा मार्ग राहत नसे. ८.० ने ही सवय काढून टाकली. आता अपूर्णांकात नेहमी बिंदूच येतो, आणि माणसांना दाखवायचे रूप वेगळ्या फंक्शनने मुद्दाम करावे लागते. मशीनसाठीची ओळ आणि माणसासाठीची ओळ वेगळी ठेवणे, हा या बदलामागचा विचार आहे. उरलेल्या विषयालाही तोच लागू पडतो.

ॲरे जोडला की माहिती हरवते, आणि ती नेमकी कुठे हरवते हे पाहण्यासारखे आहे. पूर्ण रिकामा ॲरे जोडा, रिकामी स्ट्रिंग मिळेल. ज्यात एक रिकामा घटक आहे असा ॲरे जोडा, तरीही रिकामी स्ट्रिंगच मिळेल. आता ती एक्स्प्लोडने उलगडा. दोन्ही वेळी एक घटक असलेला ॲरे परत येतो. म्हणून ज्या बातमीला एकही टॅग नाही, तिच्याखाली नाव नसलेल्या एका टॅगची चौकट दिसते, आणि तिच्यावर क्लिक केले की भलतेच पान उघडते. घटकातच सेपरेटर असेल तर हानी आणखी मोठी. ‘शनिवार पेठ, पुणे’ आणि ‘महाद्वार रोड, कोल्हापूर’ हे दोन पत्ते स्वल्पविरामाने जोडून परत उलगडले की चार पत्ते होतात. सीएसव्ही फायलींसाठी २००५ मध्ये आरएफसी ४१८० हा दस्तऐवज निघाला. त्यात असे घटक दुहेरी अवतरणात ठेवावेत आणि आतले अवतरण दोनदा लिहावे, हे सांगितलेले आहे. पीएचपीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. तरी हाताने इम्प्लोड करून सीएसव्ही बनवणारे आजही भेटतात, आणि मराठी पत्त्यांत स्वल्पविराम असणारच, त्यामुळे त्यांच्या फायली पहिल्याच शंभर ओळींत बिघडतात.

डेटाबेसच्या एका रकान्यात ‘३,१७,४२’ असे क्रमांक जोडून ठेवण्याची सवय याच जातीची. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले तेव्हापासून एका खान्यात एकच व्हॅल्यू हा नियम आहे. तो मोडला की शोध, मोजणी आणि दुरुस्ती तिन्ही अवघड होतात. डेटाबेस स्वतःही यादी जोडून देऊ शकतो. मायएसक्यूएलमध्ये ग्रुप कॉन्कॅट त्यासाठीच आहे. मात्र त्याची मूळ मर्यादा १०२४ बाइटची आहे. त्यापुढचे कापले जाते आणि फक्त एक वॉर्निंग मागे राहते, जी कोणी वाचत नाही. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे इंग्रजीत हजार चिन्हांपर्यंत तगणारी यादी मराठीत ३४१ चिन्हांवर तुटते, मात्रा आणि वेलांट्या धरून. इंग्रजी डेटावर चाचणी करून पास केलेला कोड मराठी डेटावर का तुटतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही. ही मर्यादा सेटिंगमधून वाढवता येते. मराठी संकेतस्थळावर ती पहिल्याच दिवशी वाढवावी.

आता सर्वांत महाग पडलेल्या जोडणीकडे. ड्रुपल ही पीएचपीत लिहिलेली मोठी आशय-व्यवस्थापन प्रणाली. तिच्या सातव्या आवृत्तीत डेटाबेसशी बोलणारा एक थर होता आणि तो चांगलाच विचार करून बांधला होता. वापरकर्त्याने दिलेला मजकूर क्वेरीत थेट घालायचा नाही, त्याच्या जागी एक खूण ठेवायची आणि मजकूर वेगळा पाठवायचा, हे त्याचे तत्त्व. एका खुणेसाठी अनेक व्हॅल्यूंचा ॲरे आला तर तो थर प्रत्येक व्हॅल्यूसाठी नवी खूण तयार करी. खुणेच्या नावापुढे ॲरेची की लावायची, मग सगळी नावे स्वल्पविराम देऊन इम्प्लोडने जोडायची आणि क्वेरीत बसवायची. अपेक्षा अशी की की ०, १, २ अशा असतील. पण वेबच्या फॉर्ममधून येणाऱ्या ॲरेच्या की पाठवणाराच ठरवू शकतो. त्याने कीच्या जागी एसक्यूएलचा तुकडा लिहिला, की तो तुकडा सरळ क्वेरीच्या मजकुरात जाऊन बसे. व्हॅल्यू काटेकोरपणे अलग ठेवल्या होत्या, की मात्र जशाच्या तशा जोडल्या जात होत्या. लॉगिनचा फॉर्म सगळ्यांनाच उघडा असल्यामुळे हल्लेखोराला खाते असण्याचीही गरज नव्हती.

जर्मनीतल्या सेक्शनआइन्स या सुरक्षा कंपनीच्या तपासणीत ही फट सापडली आणि १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७.३२ ने ती बुजवली. दुरुस्ती जवळपास एका शब्दाची होती: ॲरेवर फिरण्याआधी त्याच्या की टाकून देऊन नव्याने ०, १, २ घ्यायच्या. पुढे २९ ऑक्टोबरला ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने जाहीर केले की १५ तारखेच्या जागतिक वेळेनुसार रात्री ११ च्या आत, म्हणजे घोषणेपासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ हल्लेखोरांच्या हाती गेले आहे असे धरून चालावे. भारतात ही मुदत १५ च्या रात्री साडेनऊला सुरू होऊन १६ च्या पहाटे साडेचारला संपली. इथली ड्रुपल संकेतस्थळे सांभाळणारी माणसे सकाळी कामावर आली तेव्हा वेळ निघून गेलेली होती. या प्रकरणात दोष इम्प्लोडचा नव्हता. त्याला जे दिले ते त्याने जोडले. चूक होती ती हाती आलेल्या ॲरेच्या कीवर आंधळा विश्वास ठेवण्याची.

क्वेरीसाठी यादी जोडायची योग्य पद्धत साधी आहे. जितक्या व्हॅल्यू, तितकी प्रश्नचिन्हे एका ॲरेत भरायची, ती प्रश्नचिन्हेच स्वल्पविरामाने जोडायची आणि खऱ्या व्हॅल्यू डेटाबेसला वेगळ्या वाटेने द्यायच्या. इथे जोडले जाते ते फक्त आपण स्वतः लिहिलेले चिन्ह, परक्याच्या हातचे काहीही नाही. यादी रिकामी असेल तर आधीच परतायचे, नाहीतर रिकाम्या कंसामुळे मायएसक्यूएल क्वेरीच नाकारते.

हीच दृष्टी बाकीच्या ठिकाणी लावली की बरेच प्रश्न आपोआप सुटतात. एचटीएमएलसाठी जोडताना प्रत्येक घटक आधी एस्केप करायचा, म्हणजे त्यातली विशेष चिन्हे निष्प्रभ करायची, आणि मग टॅगने जोडायचा. जोडून झाल्यावर एस्केप करायला गेलो तर आपले टॅगही निकामी होतात, आणि ते टाळायला एस्केपच सोडून दिले की परक्याची स्क्रिप्ट पानावर चालू लागते. युआरएलसाठी तयार फंक्शन वापरायचे, कारण तिथे आणि-चिन्ह व बरोबरचे चिन्ह यांना स्वतःचा अर्थ असतो. तिथे मराठी किती फुगते हेही पाहून ठेवा: ‘पुणे’ या चार चिन्हांच्या शब्दाची टक्के-चिन्हांची ३६ अक्षरे होतात. एका प्रोग्रामकडून दुसऱ्या प्रोग्रामकडे यादी पाठवायची असेल तर जोडूच नका, जेसन करा. पीएचपीत ती सोय ५.२ पासून आहे आणि मराठी अक्षरे वाचता येतील अशी ठेवण्याचा पर्याय ५.४ पासून.

शेलच्या बाबतीत मराठीला वेगळाच फटका बसतो. सर्व्हरवर एखादा बाहेरचा प्रोग्राम चालवताना फायलींची नावे जागा सोडून जोडण्याचा मोह होतो, आणि सुरक्षेसाठी प्रत्येक नाव एस्केप करणारे फंक्शन पीएचपीत आहे. पण सर्व्हरचे लोकेल साधे सी असेल तर ते फंक्शन एएससीआयआयबाहेरची अक्षरे गाळून टाकते. ‘अर्ज.पीडीएफ’ हे नाव देवनागरीत असेल तर नावच उरत नाही, आणि फाइल सापडत नाही एवढाच संदेश येतो. ७.४ पासून प्रोक ओपन हे फंक्शन आज्ञा ॲरेच्या रूपात घेते. मध्ये शेल येतच नाही, जोडणी होत नाही, एस्केपची गरज नाही. ॲरेची स्ट्रिंग करण्याच्या प्रश्नाचे उत्तम उत्तर अनेकदा ती न करणे हेच असते.

देवनागरी जोडताना इम्प्लोड स्वतः अगदी सुरक्षित आहे. ते बाइट पाहते, अक्षरे पाहत नाही, आणि पूर्ण तुकडे एकापुढे एक ठेवल्याने काही बिघडत नाही. बिघाड आजूबाजूच्या फंक्शनांत होतो. ओव्या किंवा अभंगांच्या चरणांपुढे दंड देत लूप चालवला आणि शेवटचा जास्तीचा दंड आरट्रिमने काढला, असे समजा. आरट्रिमला दिलेला दंड हा त्याच्या दृष्टीने तीन सुट्या बाइटांचा संच असतो, आणि शेवटाकडून त्या संचातला जो बाइट मिळेल तो ते काढत जाते. दंडाचे बाइट ई०, ए५ आणि ए४. ‘त’ या अक्षराचे ई०, ए४ आणि पुन्हा ए४. म्हणजे त पूर्णपणे त्या संचात मोडतो. ‘संत।’ या ओळीवर हे फंक्शन चालवले तर दंड जातो, त्यामागोमाग त जातो आणि हातात ‘सं’ उरते. ‘थ’ चीही तीच गत. ज्या चरणाचा शेवट त किंवा थने होतो तेवढेच बिघडतात, बाकीचे शाबूत राहतात, म्हणून ही चूक चाचणीत सापडत नाही आणि छापून झाल्यावर वाचकाला दिसते. नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ आवृत्तीत बाइटांऐवजी चिन्हे ओळखणारे एमबी-आरट्रिम आले. त्याहून सोपा उपाय पहिल्यापासून आहे: लूप सोडा, इम्प्लोड वापरा, मग शेवटी काढण्यासारखे काही राहत नाही.

तुकडे जोडल्यावर अक्षरांची संख्या बदलते, हीही आपल्या लिपीची गोष्ट. ‘क्’ आणि ‘ष’ हे दोन घटक रिकाम्या सेपरेटरने जोडले की पडद्यावर क्ष दिसतो. बाइट नऊच राहिले, डोळ्यांना अक्षर एक झाले. उलट दिशेने हे जास्त जाचते. नोकरीच्या मुलाखतीत स्ट्रिंग उलटी करा म्हणतात आणि उमेदवार तोडा, उलटवा, जॉइन करा असे सांगतो. ‘पुणे’ वर ते चालवले तर मात्रा सर्वांत पुढे येऊन लटकते आणि उकार ण ला चिकटतो. अक्षरे नीट तोडायची असतील तर जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे आणि पीएचपीत ८.४ पासून ग्राफीमने तोडणारे फंक्शन. मग जॉइन बरोबरच काम करते.

‘साताऱ्या’तला ऱ तर खास मराठीचा. युनिकोडमध्ये तो एका चिन्हाचाही लिहिता येतो आणि र पुढे नुक्ता जोडून दोन चिन्हांचाही. दोन्ही दिसायला सारखे, बाइटांनी वेगळे. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले तुकडे जोडून शोधाची ओळ बनवली की समोर दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. जोडल्यानंतर ओळ एकदा युनिकोडच्या एनएफसी रूपात आणणे, म्हणजे नॉर्मलाइज करणे, हा त्यावरचा पक्का इलाज. आधी करून चालत नाही, कारण दोन नॉर्मलाइज केलेले तुकडे जोडल्यावर ओळ नॉर्मलाइज राहीलच याची खात्री नसते.

राहिला माणूस. त्याला ‘नाशिक, पुणे, सातारा’ चालते, पण ‘नाशिक, पुणे आणि सातारा’ हे आपले वाक्य. यासाठी शेवटचा घटक बाजूला काढून उरलेले स्वल्पविरामाने जोडायचे आणि मग आणि लावायचे, असे दहा ओळींचे फंक्शन प्रत्येक कंपनीत कोणीतरी लिहिलेले असते. ते बहुधा इंग्रजीवरून उतरवलेले असल्यामुळे आणिच्या आधीही स्वल्पविराम देते, आणि यादीत एकच नाव असले की ‘आणि सातारा’ असे काहीतरी छापते. युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात प्रत्येक भाषेची यादी लिहिण्याची रीत नोंदलेली आहे, मराठीचीही. जावास्क्रिप्टचे इंटल लिस्टफॉर्मॅट तीच वापरते. क्रोममध्ये ते २०१९ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२० पासून, सफारीत २०२१ पासून. पीएचपीत ही सोय २०२५ च्या ८.५ आवृत्तीत आली.

तरी विभक्तीपुढे कोणत्याही फंक्शनचे चालत नाही. ‘सातारा’ ला ‘मध्ये’ चिकटवले की ‘सातारामध्ये’ होते, ‘साताऱ्यात’ होत नाही. म्हणून मराठी संकेतस्थळांवर ‘येथे’ हा शब्द इतका दिसतो. त्याच्यामागे नाव जसेच्या तसे ठेवता येते. क्रियापदाचेही तसेच: आई आणि ताई आल्या, आई आणि बाबा आले. यादीत कोण आहे हे जोडणाऱ्याला माहीत नसते, म्हणून वाक्य असे रचावे की क्रियापद यादीवर अवलंबून राहणार नाही: ‘उपस्थित: आई, बाबा आणि ताई’. हे काम प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. मजकूर लिहिणाऱ्याला शेजारी बसवावे.

मराठी संकेतस्थळे बनवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. तुमच्या चाचण्यांतल्या ‘एबीसी, डीईएफ’ सारख्या याद्या काढा आणि त्यांच्या जागी शून्य, एक, दोन आणि तीन घटकांच्या मराठी याद्या घाला. त्यांत एक घटक स्वल्पविराम असलेला पत्ता असू द्या, एक त ने संपणारा, एकात ऱ असू द्या आणि एक पूर्ण रिकामा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक चुका त्या चार याद्यांतच पकडल्या जातात.